हरायला निघालेलं जाफराबाद

जालन्याला गाडीतून उतरलो तेव्हापासून माझा पाय एका जागी ठरत नव्हता. भाची सोनाली जाफराबादच्या मुलींच्या फुटबॉल संघाची गोलकीपर. चार वर्षं हा संघ उपांत्य फेरीतच हरत आलेला, आणि पुढच्या महिन्यात ती नोकरीसाठी पुण्याला जाणार. फायनल खेळायची ही तिची शेवटची संधी होती. नाशिकहून मी तेवढ्यासाठी निघालो होतो.

भोकरदनला काळीपिवळी (माणसं कोंबल्याशिवाय न हलणारी जीप) मिळाली. शेजारी रंगनाथ नावाचे जाफराबादचे बियाणे विक्रेते बसले होते. दुपारचा सामना जाफराबाद विरुद्ध भोकरदन, त्यामुळे जीपमध्ये दोन्हीकडचे लोक. भांडण जुंपेल म्हणून मी अंग चोरून बसलो, पण सगळे एकाच काळजीत होते. हे दोन्ही संघ उपांत्य फेरीत आधीच पोचले होते. आमच्या गटातल्या पहिल्या नंबराची गाठ पडणार होती दुसऱ्या गटातल्या दुसऱ्याशी. आणि त्या गटात, परीक्षेमुळे दोन चांगल्या पोरी नसताना पिंपळगावकडून एक सामना हरून, दुसरं आलं होतं बदनापूर. आता त्या पोरी परतल्या होत्या, आणि बदनापूर कोणालाच नको होतं.

"पहिला नंबर आला की बदनापूर बोकांडी बसतंय," रंगनाथ म्हणाले. "आज हरलं की पिंपळगाव. काम बराबर होतंय."

"पोरींना सांगितलंत का?"

"सांगितलं की. ऐकून राह्यल्या न्हाईत."

समोरचे भोकरदनकर आपल्या पोरींबद्दल हीच तक्रार करत होते. पहिल्या नंबरासाठी जाफराबादला बरोबरीही पुरेशी होती, म्हणजे भोकरदनच्या लोकांना नुसतं जिंकायचं टाळायचं होतं. आमचं दुखणं मोठं, आम्हाला हरावंच लागणार होतं. दोन्हीकडच्या कपाशीतून जीप धडधडत चालली होती आणि आत हरण्याचे मनसुबे चालले होते. मला हसू आलं, पण हिशेब मलाही पटला होता.

ताईकडे भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेलं धान्य आणि मसाले दळून केलेल्या पिठाची) समोर आली. दोन घास खाल्ले नि उठलो. ताई रागावली. तिला सांगणार काय, की तुझी लेक आज हरावी म्हणून मी उतावीळ झालोय?

मैदान म्हणजे नांगरटीची ढेकळं फोडून सपाट केलेलं वावर. सामना शून्य-शून्यवर अडलेला. शेवटच्या काही मिनिटांत आमच्या एका पोरीच्या हाताला चेंडू लागला आणि भोकरदनला पेनल्टी मिळाली. असली पेनल्टी मी जन्मात पाहिली नव्हती. भोकरदनचे लोक आपल्याच पोरीला बाहेर मार म्हणून सांगू लागले आणि आमचे लोक सोनालीला सोड म्हणून. त्या आवाजांत माझाही आवाज होता, हे लिहायलाच हवं. भोकरदनच्या पोरीने कोणाचंही न ऐकता डाव्या कोपऱ्यात सणसणीत मारला. सोनालीने अंग झोकून तो अडवला. कोपर उरल्यासुरल्या ढेकळांवर सोलवटलं. टाळी एकानेही वाजवली नाही. मग ती मारणारीच पुढे आली आणि तिने सोनालीला हात देऊन उठवलं.

सामना बरोबरीत सुटला, पहिला नंबर आमच्या गळ्यात पडला आणि दुसऱ्या दिवशी उपांत्य फेरीत बदनापूरने आम्हाला एका गोलने हरवलं. पोरी जीव तोडून खेळल्या, पण बदनापूरच्या पोरी खरंच चांगल्या होत्या. रंगनाथ गावभर सांगत सुटले की मी बोललोच होतो. मला वाईट वाटत होतं, आणि त्यांच्यासारखाच थोडा रागही आला होता.

स्टँडवर सोडायला सोनाली आली. कोपराला पट्टी. मी म्हणालो, पेनल्टीचा तो एक गोल सोडला असतास तर कदाचित फायनल खेळली असतीस. ती एसटीच्या पाटीकडे बघत म्हणाली,

"मामा, रंगनाथकाका दरसाल कायबी ओरडतेत. ते कानावर घेत न्हाई मी. पण 'सोड' म्हणून तुमचा आवाज आल्ता, तवा चेंडू सोडून तुमच्याकडं बघितलं मी."

गाडी लागली तशी तिने माझी पिशवी वर दिली आणि पोचल्यावर फोन करा म्हणाली.

जालन्याहून रेल्वेत बसलो, तर जागेवर बसवेना. बदनापूर येऊन गेलं तेव्हा मी दारात उभा होतो. घरी पोचलो तेव्हा बायकोने दार उघडता उघडता विचारलं, "सोनी हरली का हो?"

"सोनी नाही, मामा हरला," म्हणालो, आणि बूट काढायला खाली बसलो.