कॉफीचं नवं

आमची मावशी पाहुण्याला आधी रागवायची, मग पाणी द्यायची. "आता आलास? भात निवून दगड झाला!" हे तिचं स्वागत. भात कधीकधी चुलीवर चढलेलाही नसायचा, पण रागावल्याशिवाय तिला पाहुणा आल्यासारखं वाटत नसे. जव्हारहून मोखाड्याकडं जाणाऱ्या एसटीतून उतरून ओहोळ ओलांडला की आमचा पाडा, आणि पाड्यातलं पहिलं घर तिचं. त्यामुळं बोलणी खाल्ल्याशिवाय कुणालाच आत शिरता येत नसे. मी पाड्यातला पहिला पदवीधर. निकाल घेऊन आलो तेव्हाही ती म्हणाली, "एवढी वर्षं लागली होय?" मग तोंडात गूळ कोंबला आणि घरोघर सांगत सुटली.

तिला सगळे कॉफीमावशी म्हणत. कुठल्याशा योजनेत पाड्यात कॉफीची रोपं वाटली होती. बाकीच्यांची शेळ्यांनी खाल्ली, नाहीतर उन्हाळ्यात वाळली. मावशीनं आपली फणसाच्या सावलीत लावली, भांडी विसळलेलं पाणी त्यांनाच घातलं, आणि पाहुण्यांना काय रागावली असेल, त्याच्या दुप्पट शेळ्यांना रागावली. झाडं जगली. हिवाळ्यात लालभडक फळं धरू लागली. पण विकत घ्यायला कुणी येईना, आणि त्या फळांचं करायचं काय, हे तेव्हा पाड्यात कुणाला ठाऊक नव्हतं. बुलबुल खाऊन जात. "खाऊं दे," मावशी म्हणे, "ती तरी नावं ठेवत नाय."

मी शेवटच्या वर्षाला होतो, त्या हिवाळ्यात आमच्या सरांच्या ओळखीनं मुंबईच्या एका कॉलेजची अभ्यास सहल पाड्यात यायची ठरली. गावची राहणी बघायची, कॉफीची शेती बघायची, आणि गावाला न ओरबाडता पर्यटन कसं करता येईल ते शिकायचं. त्यांच्या मॅडमनी आधीच सांगितलं होतं, की हे जमलं तर हिवाळाभर मुलांच्या तुकड्या पाठवू. मुलं पाड्यातल्या घरांतच पैसे देऊन राहतील, जेवतील. मावशीनं त्यातलं कामाचं तेवढं बरोबर धरलं. तिचा लेक आणि सून दरवर्षी दिवाळीनंतर भिवंडीकडं वीटभट्टीवर जात. धाकट्या भावंडाला सांभाळायला नात सुगंधालाही न्यावं लागे, आणि तिची शाळा तुटे. यंदा मुकादम येऊन गेला, तेव्हा लेक म्हणाला होता, "सहल होऊं दे, मग सांगतो."

मुलं आली. मावशीनं रांगेत सगळ्यांना झापलं. "एवढ्याशा पिशव्या? थंडीत काय पांघरणार, पिशवी?" एक मुलगी तर रडवेली झाली. मग नागलीची भाकर आणि उडदाची आमटी पुढ्यात आली, तेव्हा त्यांना मावशी कळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी तोडायची होती. मुलं टोपल्या घेऊन फणसाखाली जमली आणि मावशी एकदम दोन्ही हात पसरून झाडांपुढं उभी राहिली. "हात लावायचा नाय! देवाला दिलं नाय अजून."

आमच्याकडं नवं भात असो की नवी भाजी, देवाला दिल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही. त्याला नवं करणं म्हणतात. कॉफी कधी कुणाच्या पोटात गेलीच नव्हती, म्हणून तिचं नवं करायचं कुणालाच सुचलं नव्हतं. अंगणं सारवली, नाचासाठी तारपा वाजवणारा ठरवला, आणि हेच राहिलं!

मी तिला बाजूला घेतलं. "मावशे, दुपारच्या गाडीनं जाणार ती. मॅडम काय म्हणतील?"

"म्हणूं दे. झाडं वाळली तर त्या येतील पाणी घालायला?" असं म्हणाली खरी, पण बोलताना ती सुगंधाकडं बघत होती.

शेवटी भगताला बोलावलं. देवाचं सगळं तोच करायचा. त्यानं एक फळ हातात फिरवून बघितलं. "हे आपलं नाय. बाहेरचं झाड. याचं नवं कसं करायचं?"

"सून पण बाहेरचीच असते," मावशी उसळली. "घरात आली की आपली होते ना? का तुझी अजून बाहेरच बसवलीस?"

भगताची सून तिथंच उभी होती. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली आणि भगताचं काही चालेना. त्यानं पळसाच्या पानावर मूठभर फळं ठेवली, तांदूळ टाकले, धान्यदेवी कणसरीचं नाव घेतलं. "तोडा आता. पण प्यायची होईल तेव्हा पहिला घोट तिला."

मुलं झाडांवर तुटून पडली. फळांची कॉफी कशी करायची, ते मी सरांना विचारून मावशीला आधीच सांगितलं होतं. तोडता तोडता एकानं विचारलं, "मावशी, कॉफी कधी मिळणार?"

"आधी वाळंल, मग कुटायची, भाजायची. महिना जाईल. घाई असंल त्यानं मुंबईत प्यावी."

मी मॅडमच्या तोंडाकडं बघायचं टाळत होतो. त्या मात्र हसत होत्या. "म्हणजे पुढची तुकडी महिन्यानं पाठवू ना? त्यांना तरी मिळेल."

"आणि आम्हाला?" मुलं ओरडली.

"पुढल्या साली या. आणि पांघरुणं आणा!"

मावशीनं लेकाला तिथूनच हाक मारली, "मुकादमाला सांग, दुसरीकडं माणसं बघ!" आणि सुगंधावर खेकसली, "तू काय बघतेस? शाळेची वेळ झाली ना?"

पुढं तुकड्या येत राहिल्या. मावशीनं कॉफी पाजली सगळ्यांना, स्वतः मात्र एकदाच चाखली. "जळक्या नागलीसारखी लागते," म्हणाली, आणि परत चहावर आली.

ती जाऊन आता दोन हिवाळे झाले. ती गेल्यावर पहिल्यांदा पाड्यात जाताना ओहोळापाशी माझे पाय अडले होते. पुढच्या घरातून कुणीच रागावलं नाही तर, या भीतीनं. तेवढ्यात जव्हारच्या कॉलेजात जाणारी सुगंधा कमरेला ओढणी खोचून फणसाखालून बाहेर आली.

"आता आलास, दादा? नवं करायचं थांबलंय तुझ्यासाठी!"

मग तिनं पाणी दिलं.