राहतो, पण नावावर नाही

एकोणीस वर्षं ती घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचायची. कुठल्या घरी कुत्रा सुटा असतो, कुठली पायरी निसरडी आहे, कुठली म्हातारी मीटरवर मुद्दाम कुंडी ठेवते, सगळं तिला तोंडपाठ. मग खात्याने नवे मीटर बसवले. ते आपला आकडा आपणच कळवू लागले आणि वाचणाऱ्या बाया घरी बसल्या. तिला बसणं काही जमेना. पायाला भिंगरी असलेली बाई, ती दोन खोल्यांत येरझाऱ्या घालायची आणि थोरली जाऊ खालून ओरडायची, "अगं, माझ्या डोक्यावर किती चालशील?"

म्हणून देशभरच्या घरांच्या संपत्तीची पाहणी निघाली आणि त्यासाठी माणसं हवीत असं कळलं, तेव्हा पहिल्याच दिवशी जाऊन तिने नाव दिलं. प्रशिक्षण तीन दिवसांचं होतं. शिकवणारा पर्यवेक्षक पोरगेलासा, पण बोलायचा नीट. त्याने फळ्यावर एक लांब रेघ ओढली. म्हणाला, "समजा, देशातली सगळी घरं रांगेत उभी केली. ज्याच्याकडे सगळ्यांत कमी तो या टोकाला, सगळ्यांत जास्त तो त्या टोकाला. आता रांगेचे दहा सारखे तुकडे करा. शेवटच्या तुकड्याकडे किती आहे आणि पहिल्या पाच तुकड्यांकडे मिळून किती आहे, एवढंच आपल्याला शोधायचंय."

ही रांग तिच्या डोक्यात जी बसली ती बसलीच. बसमध्ये कंडक्टर दिसला की त्याला चौथ्या तुकड्यात उभा करायची. दातांचा डॉक्टर नवव्यात. भाजीवाली दुसऱ्यात, पण तिचं स्वतःचं घर असेल तर पाचव्यातही जाईल, मग विचारायला हवं. एकदा तर तिने भाजीवालीला विचारलंसुद्धा. भाजीवाली म्हणाली, "तुला काय करायचंय बाई, मेथी घे."

तिच्या वाट्याला चाळीस घरं आली. चिठ्ठ्या टाकून निवडलेली, आपल्या मनाने बदलायची नाहीत. लोक दार उघडायचे, पण बोलताना अवघडायचे. घर कोणाच्या नावावर, जमीन किती, गाडी कोणती, बँकेत काय, अंगावरचं सोनं धरून काय काय. एका शिंप्याने शिवणयंत्राची किंमत विचारताच दाराकडे पाहून आवाज खाली आणला, जणू तिने यंत्राची किंमत नाही, बायकोचं वय विचारलं होतं. दोन सायकली आणि एक गळकं छप्पर असलेल्या विधवेने मात्र एकेक वस्तू हात लावून दाखवली, आणि शेवटी म्हणाली, "बरं झालं आलात. मला वाटायचं माझ्याकडे काहीच नाही."

एकोणचाळीस घरं झाली. राहिलं एक.

ते होतं टेकडीवरच्या रस्त्याला. उंच भिंत, काळं फाटक, फाटकाला माणसाच्या तोंडाएवढीच एक खिडकी. पहिल्या दिवशी खिडकीतून वॉचमन म्हणाला, साहेब बाहेर आहेत. दुसऱ्या दिवशी साहेब झोपलेत. तिसऱ्या दिवशी, कुठले साहेब? सहाव्या खेपेला त्याने स्वतःहून तिला पाणी दिलं आणि कळकळीने सांगितलं, "मावशी, ते नाही भेटणार. उगाच चपला झिजवू नका."

पर्यवेक्षकही तेच म्हणाला. "ताई, घर बंद असं लिहा. नियम आहे, बदली घर घ्यायचं. यादीत पुढचं आहे ना, उताराखालच्या नर्सबाईंचं."

"नर्सबाई सातव्या तुकड्यातली. हा बंगला दहाव्यातला. त्याच्या जागी ती कशी चालेल?"

"नियमात चालते."

"मग असे सगळे बंगले बंद निघाले, तर रांगेचं ते टोकच कापलं जाईल की. मागे उरतील नर्सबाया आणि शिंपी, आणि आपण सांगू, बघा, सगळे कसे जवळजवळ उभे आहेत."

पर्यवेक्षकाने पेन कानावर खोचलं. त्याला हे माहीत होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. "शुक्रवारपर्यंत घ्या," तो म्हणाला. "शनिवारी मी बंद लिहिणार."

शुक्रवारी ती सकाळी सहालाच टेकडी चढली. मालक कुत्र्याला फिरवून परत येत होते. साठीचे, सडपातळ, साधा सदरा. तिने ओळखपत्र पुढे केलं. ती हुज्जतीच्या तयारीनेच आली होती, पण ते लगेच म्हणाले, "हो, या ना. सहा दिवस येताय म्हणे. आत बसून बोलू." हे ऐकून तिचाच तोल गेला.

बसायची खोली तिच्या अख्ख्या घराहून मोठी होती. मालकांनी स्वतः चहा ओतला. फार सौजन्याने, एकही प्रश्न न टाळता, ते उत्तरं देऊ लागले.

"हे घर तुमच्या मालकीचं?"

"नाही. राहतो, पण नावावर नाही. कंपनीचं आहे."

"कंपनी तुमची?"

"कंपनी एका न्यासाची आहे. मी तिथे सल्लागार."

"बाहेरच्या गाड्या?"

"कंपनीच्या."

"मागची जमीन?"

"न्यासाची."

भिंतीवरची चित्रं भाड्याने आणलेली होती. बाईसाहेबांचे दागिने त्यांच्या माहेरच्या दुसऱ्या एका न्यासाचे होते, त्या फक्त घालत होत्या. उरलं काय, तर एक हातातलं घड्याळ, बँकेत थोडी शिल्लक, आणि कुत्रा. कुत्र्यासाठी अर्जात रकाना नव्हता. जनावरं दूध देणारी किंवा ओझं वाहणारी असली तरच धरायची.

खोटं त्यात काही नव्हतं. मालक कागद दाखवायलाही तयार होते. तिने सगळं लिहून घेतलं, सही घेतली आणि उतार उतरताना बेरीज केली. मग झाडाखाली थांबून पुन्हा केली. मालक दुसऱ्या तुकड्यात आले. दोन सायकलीवाल्या विधवेच्या शेजारी.

त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. दुपारी तिने भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली, मग गॅलरीत उभी राहिली, मग आत आली. शेवटी पिशवीतून एक कोरा अर्ज काढला आणि स्वतःचंच घर भरायला बसली. नवऱ्याचं पंखे आणि मोटारी दुरुस्त करायचं दुकान, भाड्याचं. गाठीला थोडं. कानातले, आईने दिलेले. आणि मग तो पहिलाच प्रश्न, जो तिने शेवटी ठेवला होता. घर.

या घराची गोष्ट अशी होती. चोवीस वर्षांपूर्वी दोघा भावांनी मिळून जागा घेतली. तिचा नवरा तेव्हा दूरच्या कारखान्यात होता. तो दर महिन्याला पैसे पाठवायचा आणि थोरला भाऊ, जो छापखान्यात कामाला होता, इथे राहून विटा, सिमेंट, गवंडी बघायचा. खरेदीखताच्या दिवशी जो हजर होता त्याचं नाव लागलं. पुढे खाली थोरले, वर धाकटे, कधी भांड्याला भांडं लागलं नाही, म्हणून कधी विषयही निघाला नाही. तिने पेन उचललं आणि लिहिलं, राहतो, पण नावावर नाही. मग त्या ओळीकडे बघत बसली. सकाळी टेकडीच्या अर्जात हेच शब्द तिने याच जागी लिहिले होते. त्या माणसाने ते वाक्य वकील लावून विकत घेतलं होतं. तिच्या घरी ते न बोलता आलं होतं.

बेरीज केली. तीही दुसऱ्या तुकड्यात.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा ती दारातच होती. "मी आणि टेकडीवरचा बंगलेवाला रांगेच्या एकाच तुकड्यात उभे आहोत," तिने सांगितलं.

"मग चांगलंय की," तो हात धूत म्हणाला. "त्याला म्हणावं पंखा बिघडला तर सांग."

"भाऊजींशी बोलायला हवं. घराचं."

तो हात पुसायचा थांबला. "दादाने कधी आपल्याला परकं मानलंय?"

"मानलं नाही. पण मोजायला बसलं की आपण परकेच निघतो. उद्या भाऊजी नसले, आणि त्यांची मुलं आली, तर आपल्याकडे दाखवायला काय आहे?"

"तुझ्या डोक्यात भुंगा शिरलाय त्या कामापासून." तो आत गेला आणि रात्रभर तिच्याकडे पाठ करून झोपला.

दुसऱ्या दिवशी तिने टेकडीच्या अर्जावर शेरा लिहिला. शेऱ्यासाठी दोन बोटं जागा होती. तिने मागची पूर्ण बाजू भरली. खोल्या किती, गाड्या किती, बागेत माळी किती, आणि यातलं काहीच यांचं नाही असं हे सांगतात, पण वापरतात हेच. पर्यवेक्षक वाचून म्हणाला, "ताई, शेरे यंत्र वाचत नाही. फक्त आकडे वाचतं."

"माणूस कोणी वाचतं का तिथे?"

निघालं एक माणूस. पंधरा दिवसांनी तिला मुख्य कार्यालयात बोलावणं आलं. आकड्यांचं काम बघणाऱ्या बाई पन्नाशीच्या, टेबलावर कागदांचे ढीग, चहा गार झालेला. त्यांनी तिला बसवलं आणि शेरा मोठ्याने वाचून दाखवला, जरा हसतच.

"असे तीस-एक शेरे आलेत देशभरातून," त्या म्हणाल्या. "तुमचा सगळ्यांत लांब."

"मग त्यांना दहाव्यात घालणार?"

"कसं घालू? आकडा कुठाय माझ्याकडे? मी माळी मोजून संपत्ती लिहू शकत नाही."

"मग दुसऱ्यातच राहणार?"

"तेही नाही. खोटं चित्र होईल. अशी घरं बाजूला काढून ठेवतोय. पुढच्या खेपेला प्रश्न बदलायची शिफारस करीन. करीन म्हणजे करीन, होईल असं सांगत नाही."

म्हणजे बंगला रांगेतच नाही. ना या टोकाला, ना त्या. ती बाहेर पडली ती बस न पकडता चालतच सुटली, अर्ध्या वाटेत लक्षात आलं की छत्री तिथेच राहिली, आणि तरी मागे वळली नाही. टेकडीचं काही तिच्या हातात नव्हतं. एका घराचं होतं.

घरी पोचल्यावर ती वर गेलीच नाही. खाली थोरले दीर वर्तमानपत्र वाचत होते, जाऊ शेंगा सोलत होती. ती उभ्यानेच बोलली, बसली असती तर शब्द फुटला नसता.

"भाऊजी, राग मानू नका. घराच्या कागदावर आमचं नाव हवंय."

भाऊजींनी वर्तमानपत्र खाली केलं. मग म्हणाले, "तो काही म्हणाला का?"

"नाही. मीच म्हणतेय."

"चोवीस वर्षांत मी तुम्हाला एक खिळा ठोकायला अडवलं?"

"नाही अडवलं."

"मग?"

तेवढ्यात जाऊ, शेंगांवरची नजर न काढता, म्हणाली, "वरचा मजला धाकट्या भाऊजींच्या पैशातून झालाय. मनीऑर्डरी मीच घ्यायचे, मला आठवतंय. पोस्टमन पावतीवर माझाच अंगठा मागायचा, मला सही येते म्हटलं तरी."

भाऊजी उठून बाहेर गेले. आठ दिवस त्यांनी दोघांशीही बोलणं टाकलं. नवरा जिन्यात भावासमोर आला की चोरासारखा भिंतीला चिकटायचा, आणि वर येऊन तिला म्हणायचा, "झालं समाधान?" समाधान कसलं, तिला झोप नव्हती. तीनदा तिला वाटलं खाली जाऊन सांगावं, राहू दे, विसरा. तिन्ही वेळा ती अर्ध्या जिन्यातून परतली.

नवव्या दिवशी भाऊजींनी खालून हाक मारली. कपडे करून उभे होते. "मुलांना फोन केला होता," ते म्हणाले. "थोरला म्हणाला, आत्ता कशाला. तेव्हा मला कळलं की आत्ताच करायला हवं. चला."

नोंदणी कार्यालयात चौघंही गेली. खिडकीमागच्या कारकुनाने कागद चाळले आणि विचारलं, "वरचा मजला कोणाच्या नावे?"

"माझ्या," नवरा म्हणाला.

"दोघांच्या," ती म्हणाली.

कारकून वैतागला. "घर एकच ना तुमचं? काय फरक पडतो?"

"मोजायला बाई आली की पडतो," ती म्हणाली.

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. आठ दिवसांत पहिल्यांदा त्याच्या ओठांचा कोपरा हलला. "लिहा दोघांची," तो म्हणाला.

सह्या झाल्या. सगळं आटोपून वळतात तो मागे बाकावर बसलेली जाऊ उठली आणि खिडकीशी आली. आयुष्यात तिने कुठल्या कचेरीत तोंड उघडलं नव्हतं.

"खालच्या मजल्यावर कोणाचं नाव आहे?" तिने कारकुनाला विचारलं.

"तुमच्या यजमानांचं."

"त्याला माझं जोडायला काय लागतं?"

भाऊजी चष्मा काढून पुसू लागले. कारकुनाने घड्याळाकडे बोट केलं. एक वाजला होता. खिडकी दोनला उघडणार होती. त्याने लाकडी झडप ओढून घेतली.

"पुन्हा येऊ कधीतरी," भाऊजी पुटपुटले.

"पुन्हा कशाला? मी बसते दोनपर्यंत," जाऊ म्हणाली आणि बाकावर पिशवी मांडीत घेऊन बसली. थोड्या वेळाने भाऊजीही शेजारी टेकले. नवरा भिंतीला पाठ लावून उभा राहिला. तिला मात्र बसवेना. ती त्या लांबलचक व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिली, आणि दर फेरीला झडपेकडे बघत होती.