आकड्यांतला रोहन

बेसबॉल हा बहुतेक वेळ वाट बघण्याचा खेळ आहे. एक चेंडू पडतो, मग सगळे टोपी सारखी करतात, कोणीतरी थुंकतं, मग पुढचा चेंडू. मधल्या वेळात माणसं बोलतात आणि किस्से साठत जातात. मँचेस्टरच्या आमच्या हौशी टीमची मी स्कोअरर, म्हणजे बाहेर फोल्डिंग खुर्चीत बसून ते साठवणं माझ्याकडेच. माझ्या ऑफिसातला विनय ‘चल, पार्कात बस, हवा खा’ म्हणून मला घेऊन गेला, त्याला आता बरेच उन्हाळे झाले. हवा मात्र अजून खातेच आहे, बहुतेक वेळा ओली.

*

विनय नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला. खेळतो बेताचा, पण आकड्यांचं त्याला वेड. एकदा त्याने चेंडूचा वेग मोजायची रडारगन आणली आणि जाळीमागे उभी केली. प्रॅक्टिस संपल्यावर लॅपटॉप उघडून ओरडलाच, “अबे, हा कोण? आपल्या टीममध्ये असा पिचर आहे अन् मला माहीतच नाही?”

एकेकाला विचारलं. कोणीच कबूल होईना. शेवटी वेळ जुळवून पाहिली, तर तो आमचा टी-ब्रेक निघाला. पलीकडे एक आजी लांब दांड्याच्या प्लास्टिकच्या चमच्याने आपल्या लॅब्राडॉरला बॉल फेकत होत्या.

आमचा कॅप्टन ग्रॅहम शांतपणे म्हणाला, “रविवारी मोकळ्या आहेत का, विचार.”

*

आमचा खरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, रोहन देशपांडे. जन्म इथलाच, शाळेत भूगोल शिकवतो. त्याचे बाबा, म्हणजे आमचे काका, रिटायर्ड सर्जन. प्रत्येक मॅचला माझ्या शेजारी खुर्ची टाकून, थर्मास घेऊन बसणार. मुलाचा एक चेंडू चुकवणार नाहीत, पण टाळी वाजवताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

मॅच संपून रोहन घाम पुसत आला की काकांचा एकच प्रश्न, “किती दिल्यास?”

म्हणजे समोरच्यांना किती धावा दिल्यास. रोहन आकडा सांगायचा, काका “हं” म्हणायचे आणि खुर्ची मिटायचे. भूगोलाच्या पदवीचा निकाल लागला तेव्हाही असंच झालं होतं, असं रोहन मला एकदा हसत म्हणाला होता. मला काही हसू आलं नाही.

*

गेल्या मोसमात धावा फारच जायला लागल्या. ग्रॅहमने ठरवलं, लीड्सच्या मॅचपासून रोहनला बाहेर बसवायचं. रोहन बूट पिशवीत भरताना एवढंच म्हणाला, “मग मी पुढच्या सीझनला येणार नाही, आय थिंक.”

विनय दोन आठवडे लॅपटॉपवर खपला आणि पबमध्ये त्याने मीटिंग बोलावली. म्हणाला, “धावा मोजून पिचर कळत नाही. पिचरच्या एकट्याच्या हातात काय असतं? समोरच्याला चकवून बाद करणं, वाइड चेंडू टाकून त्याला फुकट बेस देणं, अन् थेट मैदानाबाहेर मार खाणं. बाकी सगळं मागच्या फील्डरवर. ते वजा करून पाहा.”

वजा केलं. रोहन नुसता टीमचा नव्हे, आख्ख्या लीगमधला चांगला पिचर निघत होता.

ग्रॅहमने चष्मा लावला. “मग धावा जातात कुठून?”

विनयने मैदानाचा नकाशा उघडला. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या, म्हणजे धावण्याच्या टप्प्यांच्या, मधली जागा लालभडक झाली होती.

“तिथे कोण उभं राहतं?”

“मी,” विनय म्हणाला.

मग ग्रॅहमने स्वतः उठून विनयसाठी बिअर आणली. रोहनची जागा राहिली. विनयचीही राहिली, कारण तिथे उभं राहायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

*

विनयने हे गणित काकांनाही समजावलं. काका एकदम खूश झाले. “अहो, आमच्याकडेही हेच असतं. जो सर्जन अवघड केसेस घेतो त्याचा नुसता आकडा बघून चालत नाही. त्याच्यापर्यंत पेशंट कुठल्या अवस्थेत आला, ते बघावं लागतं. नाहीतर माणसावर अन्याय होतो.”

विनय भीडभाड न ठेवणारा. “मग काका, रोहनला नुसता आकडा काहून विचारता?”

काकांनी थर्मासचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. चहा ओतायचा राहूनच गेला. त्या दिवशीही मॅच संपल्यावर त्यांनी “किती दिल्यास?” विचारलंच. जुनी सवय, दुसरं काय.

*

ऑगस्टमध्ये नॉटिंगहॅमला गेलो तेव्हा निम्मी टीम सुट्टीवर होती. आठच जण, आणि नऊ नसतील तर मॅच सोडून द्यावी लागणार. ग्रॅहमने सगळीकडे पाहिलं आणि त्याची नजर काकांवर थांबली.

काकांना राइट फील्डला उभं केलं, कारण तिकडे चेंडू क्वचित जातो. पायात चालायचे बूट, हातात कोणाचा तरी उसना ग्लोव्ह. दोन तास ते ताठ उभे होते आणि एकही चेंडू तिकडे गेला नाही.

शेवटचा डाव. आम्ही एका धावेने पुढे, त्यांचा एकच गडी बाद करायचा बाकी, दोन बेसवर माणसं. रोहनने असा चेंडू टाकला की बॅटच्या कडेला लागून तो उंच उडाला. सोपा कॅच. राइट फील्डला.

काका चेंडूच्या बरोबर खाली आले. चेंडू ग्लोव्हमध्ये पडला आणि बाहेर आला. दोन धावा गेल्या, मॅच गेली.

काका मैदानातून सरळ विनयच्या लॅपटॉपकडे आले. “या दोन रोहनच्या नावावर लावायच्या नाहीत.”

“काका, तुमचं नाव शीटमध्ये नाहीये.”

“मग घाला.”

रोहन त्यांची खुर्ची मिटून घेऊन आला. हातातला उसना ग्लोव्ह त्यानेच काढून घेतला.

“बाबा,” तो म्हणाला, “किती दिल्यात?”

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. “दोन,” ते म्हणाले. “पण बॉल तुझा फार सुंदर होता.”