काचेकडे की फाटकाकडे

शेडमध्ये तिला सगळे शिट्टी म्हणत. तोंडावर शिट्टीताई, पाठीमागे नुसतंच शिट्टी. नावाचं कारण तिच्या गळ्यातच लटकलेलं असायचं. काळ्या दोरीला बांधलेली पत्र्याची शिट्टी, अकरा वर्षांत तीनदा बदललेली.

काम सांगायला सोपं होतं. वर रुळांवरून क्रेन चालायची, क्रेनला एक केबिन लटकलेली आणि केबिनमध्ये बसलेले वरचे काका. खाली जमिनीवर ही. पंपाची लोखंडी कवचं, चार-चार टनांची, तारदोरात अडकवायची, शिट्टी मारायची आणि मग हातांनी सांगत राहायचं. उचल. थांब. फाटकाकडे ने. काचेकडे ने. हळू, आणखी हळू, टेकव. शेडच्या एका टोकाला मोठं फाटक आणि दुसऱ्या टोकाला फोरमनचं काचेचं ऑफिस, त्यामुळे या दोन दिशांवर सगळ्यांचा संसार चालायचा.

वरचे काका तीस वर्षं त्या केबिनमध्ये होते. जेवायला खाली उतरले की जमीन हलतेय असं वाटतं म्हणायचे. आता ते निवृत्त होणार होते, खुर्ची रिकामी होणार होती, आणि शिट्टीने त्या खुर्चीसाठी अर्ज केला होता.

अर्जाची बातमी फुटली तेव्हा चहाच्या वेळी कुणीतरी विचारलं, वर गेल्यावर शिट्टी कोण मारणार, का तूच वरून मारून खाली पळत येणार? ती सगळ्यांबरोबर हसली. हसून मोकळं होता येतं तोवर बरं असतं. फोरमनने ऑफिसात बोलावून सरळच विचारलं, की तुला वरती हवंय तरी कशाला? तेव्हा तिने सांगितलं, गुडघे दुखतात, दिवसभर उभं राहवत नाही. खोटं नव्हतं ते. पण तिची जीभ जराशी अडखळली, आणि फोरमन अडखळलेलं बरोबर ऐकणारा माणूस होता.

सोमवारी सरावाला तिला वर नेलं. उभी शिडी, पंचावन्न पायऱ्या. काका तिच्या खुर्चीमागे उभे राहिले. खाली एक कवच अडकवून तयार होतं. उचललं, छान उचललं. काका म्हणाले, आता फाटकाकडे घे. आणि तिने लीव्हर ढकलला.

अकरा वर्षं ती केबिनकडे तोंड करून उभी राहिली होती. फाटक म्हणजे तिचा उजवा हात, हे तिच्या हाडात मुरलेलं. पण केबिनमधून बघणाऱ्याचं तोंड तिच्याकडे असतं. वरून फाटक डाव्या हाताला येतं. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक डोक्याला होतं, हाताला नव्हतं. चार टनांचं लोखंड निघालं ते थेट काचेकडे, आणि काचेमागे फोरमन चहा पीत बसला होता.

काकांनी तिच्या खांद्यावरून हात घालून लीव्हर ओढला. कवच काचेपासून हातभर अंतरावर थांबलं आणि झुलत राहिलं. खाली कुणी ओरडलं नाही. नुसती शांतता, आणि त्या शांततेत फोरमनच्या हातातला कप बशीवर वाजलेला तिला पंचावन्न पायऱ्या वर ऐकू आला असं तिला पुढे कितीतरी दिवस वाटत होतं.

फोरमन चिडला नाही, हीच पंचाईत होती. चिडला असता तर तिलाही चिडता आलं असतं. शर्टावरचा चहा पुसत त्याने समजावलं, की परीक्षा गुरुवारी आहे. बाहेरचा परीक्षक येणार. नापास झालीस तर ते कागदावर राहतं आणि पुन्हा अर्ज करता येत नाही, कधीच. बुधवारी दुपारपर्यंत अर्ज मागे घेतलास तर कागदावर काहीच येणार नाही, पाच-सहा वर्षांनी पुन्हा बघू. तोवर बाहेरचा माणूस येईल. तू खाली आहेस तशी राहा, खाली तुझ्यासारखी कुणी नाही.

कौतुक होतं ते. तिला ते दार लावल्यासारखं ऐकू आलं.

काकांनी त्यांच्या परीने उपाय सुचवला, उजव्या मनगटाला लाल दोरा बांध. मंगळवारी तिने दोरा बांधला आणि दिवसभर दोऱ्याकडेच बघत बसली. रिकामा हुक इकडून तिकडे नेताना तीनदा चुकली. चौथ्यांदा बरोबर गेली तेव्हा ते बरोबर आहे यावर तिचा स्वतःचाच विश्वास बसेना. काका म्हणाले, मी करतो तसं कर, माझा हात बघ. तिने बघितला. त्यांचा हात कुठेच बघत नव्हता, आपसूक जात होता. त्यातून शिकण्यासारखं काही नव्हतं.

संध्याकाळी घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, बारीक कामाचा माणूस, बोलायचाही बारीक. त्याने पोळीचा घास संपवला आणि मग म्हणाला, मागे घे. पाच वर्षांनी बघू म्हणतायत ना. पाच वर्षांनी तिचे गुडघे कुठे असतील, हे तिने बोलून दाखवलं नाही. उठली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर चढून बसली.

"अगं, काय करतेस?"

"केबिन आहे ही. तुम्ही खाली उभे राहा. माझ्याकडे तोंड करून."

दोन हातांत दोन डाव. लीव्हर. पातेल्याच्या कड्यांना सुतळी बांधून ती त्याच्या हातात दिली, म्हणजे तो क्रेन आणि पातेलं कवच. बारा वर्षांची मुलगी दारात येऊन उभी राहिली, दोघांकडे बघितलं आणि काही न बोलता अभ्यासाला परत गेली. घरात मोठ्या माणसांचं असं काही चाललं की दुर्लक्ष करावं, हे तिला कळायला लागलं होतं.

नवरा मोकळ्या हाताने खूण करायचा, ती डाव ढकलायची, आणि डाव जाईल तिकडे तो पातेलं न्यायचा. सहा वेळा केलं, चार वेळा चुकलं. डावीकडे, डावीकडे, ती म्हणाली, तसा नवरा वैतागला. "डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे? माझ्या की तुझ्या?"

"खिडकीकडे हो."

"मग तसं सांग ना. खिडकी मला दिसतेय."

त्याने पातेलं खिडकीकडे नेलं. ती डाव हातात धरून तशीच बसली.

या घरात हे भांडण रोजचं होतं. मिठाची बरणी डावीकडे, कुठल्या डावीकडे, आणि शेवटी फ्रिजच्या बाजूला म्हटलं की मिळायची. खिडकी काही कुणाच्या डाव्या हाताला नसते. माणूस तोंड फिरवतो, खिडकी आपली खिडकीच्या जागी. दोन दिवस ती आपला हात दुरुस्त करत होती. हाताला विचारायचंच कशाला? नजर फाटकावर ठेवायची आणि लोखंड नजरेमागून न्यायचं.

"पुन्हा," ती म्हणाली. या वेळी तिने त्याच्या हाताचं डावं-उजवं केलंच नाही. हात कशाकडे जातोय तेवढं बघितलं. खिडकी. फ्रिज. खिडकी. दार. पातेलं कुठेही अडलं नाही. वीस वेळा झाल्यावर नवऱ्याचे दंड भरून आले.

"एक विचारू?" तो म्हणाला. "गुडघ्यांसाठी एवढं कुणी करत नाही. तुला वर जायचंय ते नक्की कशाला?"

ती पगाराचं सांगणार होती. ते तोंडापर्यंत आलंही.

"मला ती चालवायचीय," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. अकरा वर्षं हाताने सांगतेय तिला, इकडे जा, तिकडे जा. मला माहितीय लोखंड कुठे टेकायला हवं. मला ते स्वतः टेकवायचंय. बस, एवढंच आहे."

सुतळी सोडून नवऱ्याने पातेलं जागेवर ठेवलं आणि म्हणाला, मग मागे घेऊ नकोस.

बुधवारी दुपार झाली आणि गेली. फोरमन काचेमागून दोनदा तिच्याकडे बघून गेला. तिने मान वर केली नाही.

गुरुवारी परीक्षक आला. किडकिडीत माणूस, हातात फळी आणि फळीला लावलेला कागद, बोलणं इतकं कमी की प्रत्येक शब्दाची भीती वाटावी. त्याने नियम वाचून दाखवले. एका वेळी एकाच माणसाच्या हाताने क्रेन चालेल. थांब मात्र कुणीही म्हटलं तरी थांबायचं. काम एकच, शेडच्या मधोमध ठेवलेलं कवच उचलायचं आणि फाटकाजवळच्या चार लाकडी ठोकळ्यांवर टेकवायचं.

मग प्रश्न आला, की खाली हात कोण करणार? शिट्टी वर गेली म्हणजे खालची जागा मोकळी, आणि दुसरा खलाशी, तिच्यासारखाच लोखंड अडकवून हात करणारा, आठवडाभर रजेवर. काका पुढे झाले. अकरा वर्षं वरून हिचे हात बघतोय, म्हणाले, तेवढं मला येतं. तिने गळ्यातली शिट्टी काढून त्यांच्या हातात दिली. काकांनी ती शर्टाला पुसली आणि गळ्यात घातली.

शिडी चढताना गुडघा खरंच दुखला. खुर्चीत बसली, पायाखालची घंटा एकदा दाबून बघितली. खाली सगळी शेड दिसत होती. एवढी माणसं काम थांबवून उभी होती, आणि निम्मी तरी काचेच्या बाजूने सरकून लांब गेली होती. सोमवारचं कुणी विसरलं नव्हतं.

शिट्टी वाजली. काकांनी बोट वर फिरवलं. उचल. तारदोर ताणला, कवच जमिनीपासून सुटलं, कमरेइतकं आलं, डोक्याच्या वर गेलं. थांब. थांबलं. तिने फाटकाकडे नजर लावली. ठोकळे दिसत होते, चार, व्यवस्थित मांडलेले.

काकांनी हात लांब केला.

हात काचेकडे होता.

तिने पुन्हा बघितलं. काका तिच्याकडे तोंड करून उभे, छाती पुढे, डावा हात ताठ पसरलेला, सरळ फोरमनच्या ऑफिसकडे. चेहऱ्यावर शंकेचा मागमूस नाही. आणि ठोकळे फाटकाशी.

क्षणभर तिला वाटलं, आपलीच नजर फिरली. पुन्हा तेच, सोमवारचंच. काका तीस वर्षं चालवतायत, काका चुकतील का? हात सांगतो तिकडे जायचं, हाच नियम नुकताच वाचून दाखवला. दुसरा विचार त्याच्याच पाठोपाठ आला, की काम फाटकाकडे न्यायचं आहे हे तर ठरलेलं, गुपचूप फाटकाकडे नेऊन टाक, काकांची अब्रूही राहील. परीक्षकाने मनगटावरचं घड्याळ बघितलं. काकांनी हात तसाच ठेवून शिट्टी मारली, आता जरा रागाने. फोरमनही पुढे येऊन काहीतरी हातवारे करायला लागला, चल, चल. तिचा घाम हनुवटीवरून लीव्हरवर पडला.

आणि तिला पहिला महिना आठवला. नवी नवी असताना तिने असाच एकदा भलताच हात केला होता. काकांनी क्रेन हलवलीच नाही. भर शेडमध्ये घंटा वाजवली आणि थांबून राहिले, ती आपला हात बघून दुसरा हात करेपर्यंत. ती न्हाणीघरात जाऊन रडली होती. वर्षभर तिच्या मनात होतं, म्हाताऱ्याने मुद्दाम चारचौघांत उघडं पाडलं.

तिने दोन्ही हात लीव्हरवरून उचलले, मांडीवर ठेवले आणि पायाने घंटा दाबली. दोनदा, लांब. दोन म्हणजे कळलं नाही, पुन्हा सांगा.

काका जागच्या जागी उभे राहिले. हात हवेतच. कवच किंचित झुललं आणि स्थिर झालं. फोरमन ओरडला की अगं ने ना, किती वेळ. परीक्षकाने मान न वळवता त्याला हाताने गप्प केलं. तिने पुन्हा घंटा दाबली, दोनदा. ती कुठेच जाणार नव्हती. संध्याकाळ झाली असती तरी गेली नसती. तिचे हात मांडीवर शांत पडले होते, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

काकांनी आपल्या हाताकडे बघितलं. मग हाताच्या टोकाला काय आहे ते, काच. मग मागे वळून ठोकळ्यांकडे. तीस वर्षं फाटक त्यांच्या डाव्या हाताला होतं. त्यांचा चेहरा कसा झाला हे तिला एवढ्या वरून दिसलं नाही, मान खाली गेलेली दिसली. डावा हात पडला. उजवा वर आला, सावकाश, आणि फाटकाकडे पसरला.

तिने एक घंटा दिली. कळलं.

पुढचं लवकर झालं. कवच फाटकाकडे गेलं, ठोकळ्यांवर आलं, काकांनी तळवा खाली केला, आणि ते असं टेकलं की लाकूड किरकिरलंदेखील नाही.

ती उतरली तेव्हा परीक्षक लिहीत होता. न बघताच त्याने विचारलं, "दिशा ठरलेली होती. तुम्हाला ती माहीत होती. मग नेलं का नाहीत?"

"हात एकीकडे होता, ठोकळे दुसरीकडे," ती म्हणाली. "ठोकळे मला दिसत होते. पण खाली ऐनवेळी काही बदललं असेल तर ते त्यांना दिसतं, मला नाही."

त्याने आणखी दोन ओळी लिहिल्या आणि फळीवरचा कागद उलटा केला.

काका जवळ आले. गळ्यातली शिट्टी काढताना दोरी कानात अडकली, ती सोडवण्यात त्यांनी गरजेपेक्षा जास्त वेळ घेतला. "अकरा वर्षांत हात करताना तू माझ्यासमोर एकदाही असं केलं नाहीस, पोरी."

"केलं होतं," ती म्हणाली. "पहिल्याच महिन्यात. तुम्ही थांबलात म्हणून कुणाच्या लक्षात राहिलं नाही."

काकांनी आठवून बघितलं. आठवलं की नाही, कळलं नाही. शिट्टी त्यांनी तिला परत दिली नाही, हातातच ठेवली.

परीक्षकाने सही केली आणि कागद फोरमनच्या हातात दिला. फोरमनने तो वाचला, घडी घातली, खिशात ठेवला, आणि काहीच झालं नाही अशा आवाजात म्हणाला की दुसरं कवच सकाळपासून अडकून पडलंय, ते कोण हलवणार? बोलता बोलता सवयीने त्याची मान काकांकडे वळली. मग थांबली, आणि तिच्याकडे आली.

"डोळे फाडून काय बघतेस? वर जा."

पंचावन्न पायऱ्या. गुडघा या वेळीही दुखला.

खाली काकांनी शिट्टी ओठांना लावली आणि वाजवण्याआधी एकदा फाटक कुठे आहे ते बघून घेतलं.