शब्दावरचा गाळा

सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण नवऱ्याने त्या हिवाळ्यात मला इतक्या वेळा ऐकवली, की शेवटी मी म्हटलं, थांबायला माझ्याकडे सहा महिने नाहीतच. खरंच नव्हते. उन्हाळा तोंडावर आला की कोल्हापुरात घरोघरी वर्षाची चटणी होते. मिरच्या वाळतात, मसाले भाजले जातात आणि कुटायला डंकावर रांगा लागतात. कपड्यांच्या कारखान्यातली माझी नोकरी सुटली होती आणि पुन्हा कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. मला चटणी करून विकायची होती. एका खानावळवाल्याने वर्षभराची चटणी घ्यायचं कबूलही केलं होतं, पण पाकिटावर अन्न खात्याचा नोंदणी क्रमांक हवा, ही त्याची अट. हंगाम हुकला की वर्ष गेलं.

जागा होती. शिवाजी पेठेतल्या एका गाळ्यात माझ्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. गाळ्याचे मालक म्हणजे शेजारीच शिवणकाम करणारे चाचा. दोघांत कधी कागद झाला नाही. वडील गेले तेव्हा चाचांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "तुज्या बापाला दिल्ता, आता तुला." पेठेत एवढं पुरतं. सरकारला पुरत नाही.

नोंदणीचा अर्ज भरायला गेले, तर सेवा केंद्रातला माणूस मान वर न करता म्हणाला, "भाडेकरार आणा." मी कोर्टाजवळून करार टाइप करून आणला आणि थेट चाचांपुढे ठेवला. त्यांनी मशीन थांबवलं.

"वाच."

मी वाचत गेले. 'अकरा महिन्यांची मुदत संपताच सदर जागा विनातक्रार रिकामी करून देण्यात येईल' या ओळीवर त्यांनी हात वर केला.

"म्हंजे मी तुला भाईर काढनार व्हय?"

"तसं न्हाय हो चाचा. सगळ्यांच्या करारात असंच असतंय."

"सगळ्यांचं मला सांगू नगंस. तुज्या बापाला शबूद दिलाय मी. हे खोटं हाय. खोट्यावर सही करनार न्हाय."

आणि मशीन सुरू. मला असा संताप आला! लबाड माणूस असता तर चार शब्द सुनावले असते. सज्जन माणूस नडला की भांडायचीही सोय राहत नाही. घरी आले तर नवऱ्याने पुन्हा म्हण काढली. त्या दिवशी त्याला आमटी अळणीच मिळाली.

दुसऱ्या दिवशी सेवा केंद्र सोडून मी सरळ अन्न खात्याच्या कार्यालयात गेले. या टेबलावरून त्या टेबलावर करत एका बाईंपुढे पोचले आणि उठायचं नाही असं ठरवूनच बसले. करार नसला तर दुसरं काय चालेल, एवढंच विचारलं. त्या म्हणाल्या, "मालकाचं संमतीपत्र आणि लाइट बिल द्या. चालेल."

एवढंच! मी तशीच पेठेत परतले. चाचांनी सांगितलं, मी लिहिलं. या गाळ्यात हिने चटणीचा धंदा करावा, माझी हरकत नाही. मुदत हा शब्द त्यांनी मला कागदाच्या आसपासही येऊ दिला नाही. मग स्वतःच दोनदा वाचून सही केली.

बाजारात नवी मिरची आली आणि त्याच आठवड्यात माझी नोंदणीही आली. प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावलं, तेव्हा चाचा चष्मा कपाळावर चढवून बघायला आले.

"किती वर्साचं हाय?"

"एकाच वर्साचं. मग पुन्हा काढायचं."

चाचा मिरचीच्या पोत्यावर बसून खो खो हसले. "म्हंजे सरकार बी तुला वर्साचाच भरवसा देतंय की! माज्याकडं तसलं काय न्हाय, पोरी. तू बिनघोर मिरच्या भर."

मला रडू आलं. मिरचीचं निमित्त सांगायचीही गरज वाटली नाही.