बिबड्यांशेजारी वाळवलेल्या तबकड्या

आयुष्यात एकदा मी स्वच्छता करायला गेलो, आणि तिथेच घोटाळा झाला.

आबा, म्हणजे माझे वडील, धुळ्यात लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. स्वरलिपी वगैरे त्यांना ठाऊक नव्हती. भुसावळच्या एका क्लबातून भंगारात निघालेल्या बिग बँडच्या सात तबकड्या त्यांनी आणल्या होत्या. वीस-वीस वादकांचं ते विलायती स्विंग ऐकून ऐकून त्यांनी ओठांत उतरवलं. त्यातल्या एका तबकडीवर ओरखडा होता. सुई तिथे आली की चार ठोके गिळून पुढे उडी मारायची. आबांनी बँडला ती चाल उडीसकट शिकवली. धुळ्यातल्या कित्येक वराती त्या जागी पाऊल चुकून नाचल्या. तक्रार कुणी केली नाही.

अर्धांगवायूनंतर मी त्यांना जळगावला, मेहरूणमध्ये माझ्या घरी आणलं. वाचा गेली होती. पण ती तबकडी लावली की उजव्या हाताचं एक बोट खाटेच्या कडेवर ताल धरायचं, आणि उडीच्या जागी बरोबर उडी मारायचं. आबांपैकी तेवढंच शिल्लक होतं.

तबकड्या फार खरखरायला लागल्या म्हणून एप्रिलमध्ये मी त्या साबणाच्या पाण्याने धुतल्या. गच्चीवर बायकोने जुन्या साडीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, वाळत घातले होते. साडीवर जागा होती. मी सातही तबकड्या शेजारी मांडल्या, राखण करतो म्हणालो, आणि जिन्याच्या सावलीत झोपलो. जळगावचं ऊन मी जन्मापासून खातोय. काळ्या वस्तूचं ते काय करतं हे मला शिकवायला नको होतं. शेवटी बायकोने उठवलं.

"अहो, बिबडे झाले. तुमचे मात्र द्रोण झालेत."

मी त्यांच्यावर पाटा ठेवला. चार तडकल्या. ओरखड्याची वाचली, पण लावली तर विहिरीत बुडणारा माणूस ट्रम्पेट वाजवतोय असं वाटलं. मीच घाईने काढली.

मग तीच चाल मोबाइलवर सापडली. स्वच्छ, खरखर नाही, काही नाही. मी मोठ्या ऐटीत आबांच्या उशाशी लावली. बोट हललं. मला वाटलं, सुटलो. ती जागा आली, बोटाने उडी मारली, आणि गाणं मागेच राहिलं. ते चार ठोके मीही जन्मात पहिल्यांदाच ऐकत होतो. बोटाने दोनदा ताल पकडून पाहिला. मग ते कडेवर नुसतं पडून राहिलं.

आठ महिन्यांत आबा पहिल्यांदा बोलले, तेही जड जिभेने, अहिराणीत.

"हाई आपलं नही शे."

त्यानंतर बोलले नाहीत. बोटही नाही. मी अजून रोज दुपारी मोबाइल लावतो, आणि त्या जागेशी आलो की अंगठ्याने गाणं पुढे ढकलतो. कधी तीन ठोके जातात, कधी सहा. चार काही जमत नाहीत. आबा भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात.