देवकाबाईची कूक

देवकाबाईचा आवाज असा होता, की ती घरात नवऱ्याशी हळू बोलली तरी शेजारच्या घरातून तिला उत्तर मिळे. आमच्या गोंडपिपरीकडच्या त्या लहानशा गावात तिच्याशी भांडायला कोणी धजत नसे. पण त्याच आवाजावर साऱ्या गावाचं धान पिकत होतं, म्हणून तिची तक्रारही कोणी करत नसे.

गावाच्या वर तलाव, त्याच्या पाळीखालून निघालेला पाट, आणि पाटाच्या दोन्ही अंगांनी धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले शेताचे तुकडे. सगळ्यात शेवटची बांधी देवकाबाईची. तिच्या पलीकडे नुसतं जंगल. पाळीच्या पोटात पाणी सोडायचं दगडी तुडुम होतं. त्याला एकाखाली एक भोकं, आणि भोकांत लाकडी डट्टे ठोकलेले. गावचा मासेमार वारलू ढीवर बुडी मारून डट्टा काढी तेव्हा पाटाला पाणी सुटे. पाणी सोडायचं कधी, हे पूर्वी मालगुजार सांगे. पण त्याने सांगितलं नि झालं, असं नव्हतं. आधी वरचा डट्टा निघे. ते पाणी कोणीही आपल्या बांधीत वळवायचं नाही, थेट शेवटच्या बांधीत जाऊ द्यायचं. तिथं पोचलं की शेवटच्या बांधीवालीने कूक द्यायची, तोंडाला हात लावून लांबवर जाणारी हाळी. ती ऐकल्यावर वारलू खालचा डट्टा काढणार, मग सगळ्यांनी आपापल्या बांधीची तोंडं फोडून पाणी घ्यायचं. मालगुजारसुद्धा पाळीवर चिलीम ओढत त्या कुकेची वाट बघे. देवकाबाईला हे काम सासूकडून शेताबरोबर आलं होतं.

मालगुजारी गेली. गावात ग्रामपंचायत आली आणि गुणवंतराव सरपंच झाला. माणूस खरोखर चांगला. कोणाच्या दाण्याला हात लावला नाही, कोणाला दारातून परतवलं नाही. फक्त दम नव्हता त्याला. सगळं आजच्या आज व्हायला हवं. त्याने चावडीत गाव जमवलं.

"अर्धा अर्धा दिवस कुकेची वाट पाहून राह्यलो आपन," तो म्हणाला. "आता आपलं राज हाय. पानी कवा सोडाचं थे मी सांगीन, कोनाले पोचलं नाई तं मायाकडे या, मी निवाडा करीन. कूक काहाले पाह्यजे?"

आणि आम्ही शहाण्यांनी हात वर केले. इतक्या भल्या माणसावर पहारा कशाला? देवकाबाईनेही केला. तिचा तेव्हा गुडघा दुखत होता आणि बांधावर ताटकळायचा तिलाही कंटाळा आला होता. एकटा वारलू तेवढा हात खाली ठेवून बसला, पण तो कधीच कशाला हात वर करत नसे, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही.

त्या वर्षी पाऊस भरपूर झाला, काही कळलं नाही. पुढच्या वर्षी धान पोटरीला आलं आणि पावसाने दडी मारली. गुणवंतरावाने वरचा डट्टा काढायला लावला. वरच्या बांध्यावाल्यांनी लगेच तोंडं फोडली, त्यात सरपंचाची बांधी पहिली. पाणी निम्म्या वाटेतच जिरलं. देवकाबाईचं तेवढंच शेत. ते धान गेलं असतं तर वर्षभर घरात चुलीवर काय शिजवायचं, हा प्रश्न होता.

ती सरपंचाकडे गेली. तो आपल्या बांधीच्या धुऱ्यावर उभा होता.

"भाऊ, मायाकडे पानी नाई पोचलं."

"पोचते बाई. म्या सोडलं हाय ना."

"तूच सोडलं, तूच म्हनतं पोचते. मंग मी इचारू कोनाले?"

गुणवंतराव खोटं बोलत नव्हता. तो उभा होता तिथून सगळं हिरवंच दिसत होतं. देवकाबाईचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा खाली आला आणि ती निघून गेली. मला ते अजून आवडत नाही. भांडणारं माणूस गप्प झालेलं बघवत नाही.

तिकडून ती वारलूच्या झोपडीत गेली. दोघांत काय बोलणं झालं माहीत नाही. पण तलावाचं पाणी वरच्या भोकाच्या खाली उतरलं, आणि खालचा डट्टा काढायला सरपंचाने वारलूला पाळीवर बोलावलं, तेव्हा तो आला आणि पाण्याकडे पाठ करून बसला.

"उतर ना गा," सरपंच म्हणाला.

"कूक कुठी हाय?"

"कूक बंद केली ना आपन. ठराव झाला."

"ठराव तुमी केला जी. बुडी मले माराची हाय. कूक आयकल्याबिगर मी खालच्या डट्ट्याले हात लावत नाई."

गुणवंतरावाला राग आला. गावात दुसरं कोणी एवढं खोल जाणारं नव्हतं. "मीच काढतो," म्हणत त्याने सदरा उतरवला आणि उडी घेतली. सारं गाव पाळीवर उभं राहून बघत होतं. थोड्या वेळाने आधी त्याचं धोतर वर आलं, मग तो आला. हातात डट्टा नव्हता, शिंगाड्याचा वेल तेवढा होता. गाव इतकं हसलं की पाणकोंबड्या उडाल्या. धोतर वारलूनेच पाण्यातून काढून दिलं.

ते नेसून सरपंच काठावर आला, तर समोर देवकाबाई.

"चाल भाऊ, पाहून घे एक डाव."

तो ओलेत्याने तिच्यामागून निघाला, आम्ही त्याच्यामागून. पाटातलं पाणी घोट्याएवढं होतं, मग नुसता चिखल, मग धूळ. तिच्या बांधीत त्याचा पाय भेगेत अडकला. धोतराचं पाणी टपटप गळत होतं.

"आज माया बांधीले एवढंच पानी भेटलं," देवकाबाई म्हणाली.

गुणवंतराव आधी हसला, मग त्याचा चेहरा पडला. तिथंच, त्या भेगाळलेल्या मातीत उभं राहून त्याने गावाला विचारलं आणि ठराव मागे घेतला. एवढं मोठं मन त्याचं होतं, हे मी कबूल करतो.

वारलू खाली उतरला. वरच्या भोकाला आता पाणीच नव्हतं, म्हणून पहिल्या पाण्यासाठी खालचाच डट्टा थोडासा ढिला केला. सगळी तोंडं बंद ठेवून पाणी खाली सोडलं. आम्ही पाळीवर कान देऊन बसलो. कूक येईना. बराच वेळ झाला. गुणवंतरावाच्या बांधीतलं धानही आता माना टाकत होतं, त्याचा जीव खालीवर होत होता. शेवटी वारलू उठला, आणि पाटाच्या कडेने मीही गेलो. बघतो तर देवकाबाई बांधावर बसलेली, पाय पाण्यात, चेहऱ्यावर मोठं समाधान.

"पानी तं हाय बाई," वारलू म्हणाला.

"हाय तं."

"मंग कूक?"

"थांबू दे त्याले जरासाक. म्या किती वाट पाह्यली!"

वारलू तिच्याशेजारी टेकला. "सरपंचाले मी नाई म्हनलं थे काय तुया एकटीसाठी? आता त्याचं धान वाळून राह्यलं. तू बी तेच करून राह्यली."

तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. मला वाटलं, आता वारलूचं काही खरं नाही. पण ती उठली, तोंडाला हात लावले आणि अशी कूक दिली की माझ्या कानात दडे बसले.

दुसऱ्या दिवशी चावडीत ती आपण होऊन उभी राहिली. "मायावर बी एक मानूस ठेवा," म्हणाली. "मले राग येते." आणि माणूस कोण मागावं, तर सरपंचाची बायको इंदिराबाई, जिच्याशी तिचं विहिरीवर रोज वाजत असे. "थे मायासाठी खोटी कूक देनार नाई, न पानी पोचल्यावर मले चूप बी बसू देनार नाई," हे तिचं कारण.

तेव्हापासून शेवटच्या बांधीतून दोन कुका यायच्या, आणि दोन्ही ऐकल्यावरच वारलू खालच्या डट्ट्यासाठी उतरायचा. त्यांच्याआधी दोघींचं भांडण ऐकू यायचं. एका वर्षी देवकाबाईची एकटीचीच आली. पोचलेलं पाणी पुरणारं नव्हतं, धान तिचंही सुकत होतं, तिने पुन्हा दिली, पुन्हा दिली. वारलू हलला नाही. आम्ही खाली जाऊन पाहिलं तर इंदिराबाई मोहाच्या सावलीत घोरत होती. देवकाबाईने तिला उठवलं, दुसरी कूक आली, तेव्हा कुठे वारलू उतरला. संध्याकाळी देवकाबाई तरातरा त्याच्या झोपडीकडे निघाली. आम्ही भांडण ऐकायला मागे गेलो.

तिने पदराखालून धानाच्या लाह्या काढून त्याच्या पुढ्यात ठेवल्या.

"एकटीच्या कुकेवर उतरला नाईस," ती म्हणाली, "बरं केलंस बापा."